कापूस, धर्मसभा आणि चाळीस एकर

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेबद्दल सरांचं आणि माझं कधी जमलेलं नाही. सर नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मी वऱ्हाडातली, कापूसवाल्या घरातली, अर्थशास्त्र शिकवते. गुलामगिरी संपली ती माणसांच्या विवेकामुळे आणि तो विवेक धर्मानं जागा केला, हे सरांचं ठाम मत. माझं म्हणणं असं, की आधी जमिनीचा आणि कापसाचा हिशेब मांडा, मग धर्माकडे वळा. हा वाद आम्ही अनेकदा अर्ध्यावर सोडला होता. या खेपेला नेटानं पुढे नेला. जसा झाला तसा देते आहे. मध्ये कुठे कुठे माझं मत घातलं आहे.

मी : सर, मी जिनपासून सुरुवात करते. एली व्हिटनीचं जिन १७९३ सालचं. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हातानं काढताना एका माणसाचा अख्खा दिवस जायचा आणि पदरात पडायची जेमतेम पौंडभर रुई. जिनवर तेच काम पन्नास पौंडांवर गेलं. सरकीचा अडसर गेला की काम अडतं ते वेचणीपाशी, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेचणीला हात लागतात. ते हात गुलामांचे होते. आणि हातांइतकीच नवी जमीन लागत होती. १८०३ साली जेफरसननं नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुईझियाना घेतलं आणि देश जवळजवळ दुप्पट झाला. नेपोलियन विकायला तयार झाला याचं एक मोठं कारण म्हणजे हैतीतल्या गुलामांनी त्याच्या फौजेची धूळधाण उडवली होती. गुलामांच्या बंडामुळे बाजारात आलेली जमीन गुलामगिरी पसरवायला वापरली गेली, सर. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो.

सर : आणि तिथे आधीपासून राहणारी माणसं?

मी : त्यांना हुसकावलं. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी हा कापसाचा पट्टा म्हणजे चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ यांच्या जमिनी. १८३० साली त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये सोळा हजारांच्या आसपास चेरोकींना हाकललं. छावण्यांत आणि वाटेत चार हजारांच्या घरात माणसं मेली. त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर व्हर्जिनिया-मेरीलँडमधून गुलाम आणले गेले, कित्येक वेळा साखळदंडात, पायी. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, त्यामुळे देशातल्या देशातच विक्री जोरात वाढली. यादवी युद्धापर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं अशी दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे नेली गेली. घरटी कुणी ना कुणी विकलं गेलेलं. १८६० साली गुलामांची संख्या साडेएकोणचाळीस लाख होती आणि कापसाचं पीक चाळीस लाख गाठींच्या आसपास.

सर : आकडे सगळे मान्य. आता तुझ्याच आकड्यांवर मी तुला विचारतो. १८६० साली या माणसांची बाजारातली किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर होती. देशातली रेल्वे आणि कारखाने एकत्र धरले तरी एवढं भांडवल होत नव्हतं. भाव चढेच होते. मग ही पद्धत हिशेबानं कशी मोडली असती? नफा वाढत असताना आपणहून दुकान बंद करणारा व्यापारी मला दाखव.

इथे मला थांबावं लागलं. गुलामगिरी आर्थिकदृष्ट्या कालबाह्य झाली होती, ती आपोआपच गेली असती, असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. ते खरं नाही. ती भरभराटीत होती. तिच्यावर घाव घालायला पैशाबाहेरचं काहीतरी लागणारच होतं.

मी : ते काहीतरी म्हणजे धर्म?

सर : धर्म म्हणजे काय ते आधी नीट बघू. १८०१ साली केंटकीत केन रिजला हजारो माणसं रानात जमून दिवसेंदिवस प्रार्थना करत होती. तिथून जी लाट उठली तिला दुसरी महाजागृती म्हणतात. जुन्या पाळकांची शिकवण अशी होती की कुणाचं तारण व्हायचं हे देवानं आधीच ठरवलंय, माणसाच्या हातात काही नाही. चार्ल्स फिनीसारखा उपदेशक येतो आणि म्हणतो, आहे, तुझ्या हातात आहे. पाप ही तू केलेली निवड आहे, आज उठ आणि सोड. १८३०-३१ च्या हिवाळ्यात रॉचेस्टर शहर त्यानं असं हलवून सोडलं. आता हाच तर्क गुलामगिरीला लाव. पाप असेल तर ते हप्त्याहप्त्यानं सोडायचं नसतं. तोवर भलेभले म्हणत होते, हळूहळू संपवू, मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवू. ‘ताबडतोब’ ही मागणी या धर्मसभांच्या मांडवातून आली.

मी : मागणी करणं सोपं असतं.

सर : म्हणून तुला लेन सेमिनरीची गोष्ट सांगतो. सिनसिनाटी, १८३४. ओहायो नदीच्या एका काठाला मुक्त राज्य, दुसऱ्या काठाला गुलामीचं. पाळक घडवणारी शाळा. प्रमुख लायमन बीचर, त्या काळचा मोठा धर्मोपदेशक. थिओडोर वेल्ड नावाचा विद्यार्थी, फिनीच्या तालमीतला. त्यानं अठरा रात्री चर्चा घडवून आणली : गुलामगिरी ताबडतोब संपवावी की नाही? दक्षिणेतल्या मालकांची मुलं त्या वर्गात होती. आणि जेम्स ब्रॅडली होता. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेला, रात्री जागून मजुरी करून स्वतःला विकत घेतलेला. तोही बोलला. चर्चा संपली तेव्हा वर्ग जवळजवळ एकमुखी होता. पोरं शहरातल्या काळ्या वस्तीत जाऊन शिकवायला लागली. विश्वस्त घाबरले, त्यांनी या विषयावर बोलायलाच बंदी घातली. मग बहुतेक विद्यार्थ्यांनी शाळा सोडली. त्यांतले बरेच ओबर्लिनला गेले, आणि जाताना अट घातली की काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या. १८३५ पासून ओबर्लिननं तो दिला.

मी : ही पोरं मला आवडतात, सर. पण चाळीस-पन्नास पोरांनी देश बदलत नाही.

सर : वेल्डनं पुढे काय केलं ते ऐक. त्यानं लग्न केलं अँजेलिना ग्रिमकेशी. अँजेलिना आणि तिची बहीण सारा, दोघी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या. बाप न्यायाधीश, घरात गुलाम. दोघी घर सोडून उत्तरेत आलेल्या, क्वेकर पंथात गेलेल्या. या तिघांनी न्यूयॉर्कच्या वाचनालयानं टाकून दिलेली दक्षिणेतली हजारो वर्तमानपत्रं आणली आणि महिनोन्‌महिने कात्रणं काढली. भर उत्तरेतल्या लोकांच्या शब्दावर ठेवला नाही. मालकांनी दिलेल्या जाहिराती घेतल्या. पळालेल्या गुलामाचं वर्णन मालकालाच करावं लागतं ना? मग तो खुणा सांगतो : गालावर डागलेलं अक्षर, कानाचा कापलेला तुकडा, पाठीवर चाबकाचे वण, गळ्यात लोखंडी कडं, पायात गोळीची जखम. खाली मालकाचं नाव, गाव, बक्षिसाची रक्कम. १८३९ साली हे पुस्तक छापलं. ‘उत्तरेतले लोक खोटं बोलतात’ असं म्हणायची सोयच उरली नाही. लायमन बीचरच्या मुलीनं, हॅरिएट बीचर स्टोवनं, १८५२ साली ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिताना या कात्रणांचा आधार घेतला. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

मी : बरं. आता याच जागृतीची दुसरी बाजू मी सांगते. मेथडिस्ट पंथानं १७८४ साली नियम केला की गुलाम बाळगणाऱ्या सभासदानं त्यांना मुक्त करावं. वर्ष उलटायच्या आत नियम बाजूला ठेवला. का? दक्षिणेत नवी वस्ती वाढत होती, तिथे मंडळी वाढवायची होती आणि मालक दारात उभे करीनात. म्हणजे तुमचा धर्म जमिनीच्या मागोमाग पश्चिमेला गेला आणि जाताना नियम वाटेत टाकून गेला. १८४४ साली जॉर्जियाच्या बिशप अँड्र्यूकडे लग्नातून गुलाम आले, तेव्हा कुठे उत्तरेतले मेथडिस्ट अडले. पुढच्या वर्षी दक्षिणेनं वेगळा पंथ काढला. त्याच वर्षी, १८४५ साली, गुलाममालकांना मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही यावरून बॅप्टिस्ट फुटले. जागृतीत ज्यांचं मन पालटलं त्यात मालकही होते, सर. ते रविवारी रडायचे आणि सोमवारी माणूस विकायचे. अब्राहामाकडे दास होते, पौलानं पळालेल्या अनेसिमला धन्याकडे परत पाठवलं, हे ते वचनांसकट दाखवायचे. फ्रेडरिक डग्लसनं आत्मकथेच्या शेवटी स्पष्ट केलंय की त्याच्या मालकांचा धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा सर्वांत क्रूर अनुभव धार्मिक मालकांचाच होता.

सर : मंडळ्या फुटल्या हाच माझा पुरावा आहे. त्या काळात देश एकत्र बांधून ठेवणाऱ्या किती संस्था होत्या? पक्ष होते आणि चर्च होतं. चर्च पक्षांच्या आधी फुटलं. फुटल्याशिवाय खरं बोलता येत नव्हतं.

हे वाक्य सर सहज बोलून गेले, पण माझ्या दृष्टीनं सगळ्या वादाचं मर्म त्यात आहे. धर्म गुलामगिरीच्या बाजूनं होता की विरोधात, या प्रश्नाला उत्तर नाही. तो दोन्हीकडे होता. आपली मंडळी, आपली शाळा, आपलं नाव मोडून घ्यायची तयारी कुणी ठेवली, हा प्रश्न विचारला की माणसं लगेच वेगळी दिसू लागतात.

मी : मग तुमच्या नगरच्या मिशनला हीच कसोटी लावू?

सर : लाव. ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत पोचले, ज्यानं पुढे नगरला मिशन काढलं, ज्याच्या मिशनऱ्यांनी १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तेच बोर्ड चेरोकींमध्ये काम करत होतं. बोर्डाचा चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्‌स यानं चेरोकींना घालवण्याविरुद्ध लेखांमागून लेख लिहिले. सॅम्युएल वर्सेस्टर हा मिशनरी न्यू एकोटाला राहून चेरोकी भाषेतल्या वर्तमानपत्राला मदत करत होता. जॉर्जियानं फर्मान काढलं की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यानं राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी. वर्सेस्टरनं नाकारली. चार वर्षांची सक्तमजुरी झाली. माफी मागून सुटता येत होतं. अकरा जणांना शिक्षा झाली, नऊ जणांनी सुटका पत्करली. वर्सेस्टर आणि एलिझर बटलर तुरुंगात गेले. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. जॉर्जियानं निकाल धाब्यावर बसवला.

मी : आणि मग बोर्डानंच त्यांना सांगितलं, आता पुरे करा. १८३३ च्या जानेवारीत ते सुटले. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की चेरोकी आणि चोक्टॉंमधल्या श्रीमंत घरांकडे काळे गुलाम होते आणि ती घरं मिशनच्या मंडळीत होती. त्यांना प्रभुभोजनाला घ्यायचं का? १८४५ साली बोर्डानं ठरवलं की केवळ गुलाम बाळगल्यामुळे कुणाला मंडळीबाहेर ठेवता येणार नाही. चिडलेल्या लोकांनी १८४६ मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. चेरोकी हाकलले गेले तेव्हा त्यांचे गुलामही त्याच वाटेनं चालत गेले, सर. त्यांच्यासाठी कुणी लेखमाला लिहिली नाही.

सर : (बराच वेळ गप्प राहून) हे आम्हाला मंडळीत कधी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

यापुढचा भाग आम्ही भराभर उरकला, कारण त्यावर आमचं फारसं भांडण नाही. १८४५ साली टेक्सास घेतलं. मग मेक्सिकोशी युद्ध करून १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख. हा सगळा खंड आपल्यासाठी देवानंच नेमून ठेवलाय, अशी भाषा त्या वर्षांत वर्तमानपत्रांत रुळली. विस्ताराला धर्माचं पांघरूण मिळालं. पण प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर तोच प्रश्न यायचा, इथे गुलाम की मुक्त? १८२० ची मिसुरी तडजोड १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं मोडली, कॅन्ससमध्ये रक्त सांडलं, रिपब्लिकन पक्ष जन्मला. माझा आग्रह एवढाच होता की गुलामगिरी पसरू नये म्हणणारे सगळे गुलामांचे कैवारी नव्हते.

मी : मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी नको, असा ठराव आणणारा डेव्हिड विल्मट उघड सांगत होता की हे मी गोऱ्या कष्टकऱ्यासाठी करतोय. ओरेगननं १८५७ च्या घटनेत गुलामगिरीवर बंदी घातली आणि त्याच घटनेत काळ्यांना राज्यात येऊन राहण्यावरही. खुद्द लिंकनचा १८६० चा निवडणूक-जाहीरनामा जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही असंच म्हणत होता. भांडण जमिनीचं होतं.

सर : मग दक्षिण फुटून का निघाली? जिथे आहे तिथे हात लावणार नाही म्हटलं होतं ना? साउथ कॅरोलायनाचं १८६० च्या डिसेंबरचं निवेदन वाच. त्यांची तक्रार अशी की उत्तरेतल्या लोकांनी गुलामगिरीला पाप म्हटलंय. जमिनीच्या वादात तडजोड होते, रेघ मारता येते. पाप म्हटल्यावर रेघ मारता येत नाही. १८५० च्या कायद्यानं पळालेल्या गुलामांना पकडून परत देणं सगळ्या देशावर बंधनकारक केलं. माणूस परत पाठवला तर अधिकाऱ्याला दहा डॉलर, सोडला तर पाच. १८५४ साली बॉस्टनमधून अँथनी बर्न्सला न्यायला रस्त्यावर फौज उभी करावी लागली. त्या गर्दीतले सगळे काही वेल्डचे चेले नव्हते. पण वीस वर्षं कानावर पडलेलं त्यांच्या आत कुठेतरी होतं.

मी : तुम्ही बर्न्सचं नाव घेतलंत ते बरं झालं. आपण दोघंही एक गोष्ट विसरतोय. बर्न्स पळाला म्हणून बॉस्टन हललं. पळणारे नसते तर तो कायदाच लागला नसता. आणि युद्धात बघा. १८६१ चा मे, व्हर्जिनियात फोर्ट मन्रो. रात्री तीन माणसं होडी वल्हवत किल्ल्यावर आली : फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. त्यांना बंडखोरांच्या तोफखान्याच्या कामावर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर, कायद्यानं परत द्या. तिथला सेनापती बटलर (मिशनरी बटलर नव्हे) मूळचा वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग आमचा कायदा तिला कसा लागू? ही माणसं शत्रूची युद्धसामग्री म्हणून मी जप्त करतो. बातमी पसरली आणि थोड्याच महिन्यांत शेकडो माणसं त्या किल्ल्याकडे आली. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. या माणसांनी तो त्याच्या हातून लिहवून घेतला. पुढे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक फौजेत लढले.

सर : मान्य. पण त्यांनाही माझ्या बाजूनं धरू दे. १८३१ साली व्हर्जिनियात बंड करणारा नॅट टर्नर उपदेशक होता. बंडानंतर काळ्यांना लिहा-वाचायला शिकवण्यावर बंदी आणणारे कायदे कडक झाले. मालकांना बायबलची भीती वाटत होती, ते उगाच नाही.

मी : मग शिव्हिंग्टनचं काय?

हे नाव मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. जॉन शिव्हिंग्टन मेथडिस्ट पाळक होता, गुलामगिरीचा उघड विरोधक. यादवीत पाळकाची वस्त्रं उतरवून तो लढायला गेला आणि १८६२ मध्ये न्यू मेक्सिकोत दक्षिणेच्या फौजेची रसद जाळून नाव कमावलं. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी त्यानंच कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. त्यांच्या पुढाऱ्यानं, ब्लॅक केटलनं, तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण लावलं होतं. दीडशेहून अधिक माणसं मारली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. काळ्या माणसात देवाची प्रतिमा ओळखणाऱ्याला शायेन बाईत ती दिसली नाही. तिच्या पायाखाली त्याला हवी असलेली जमीन होती, हे माझं स्पष्टीकरण.

सर : त्याच सकाळी तिथे सायलस सोल होता ना?

मी : होता.

सर : मग त्याचंही सांग. कॅन्ससच्या गुलामगिरीविरोधी घरातला पोरगा. कॅप्टन होता. त्यानं आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. वरिष्ठांना पत्र लिहून जे पाहिलं ते सगळं कळवलं, चौकशीत शिव्हिंग्टनविरुद्ध साक्ष दिली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात त्याचा खून झाला. दोघांची चळवळ एकच होती. तुझ्या जमिनीच्या हिशेबात सोल कुठे बसतो?

बसत नाही. मी सरांना तसं सांगितलं. मग सरांनी जोतीराव फुल्यांची आठवण काढली. फुले नगरला मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा बघून आले आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी शाळा काढली. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतः झीज सोसली. सरांचा कंठ या ठिकाणी दाटून येतो.

मी : त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुईझियानात कोल्फॅक्सला गोऱ्यांच्या टोळीनं कित्येक काळ्या नागरिकांची कत्तल केली, सर. ज्या लोकांचा गौरव फुले करत होते ते तोवर थकले होते.

सर : फुल्यांनी तो गौरव कशासाठी केला ते बघ. इथल्या उच्चवर्णीयांनी तसं वागावं म्हणून. आपल्याच जातीच्या फायद्याविरुद्ध उभं राहणारी माणसं जगात असतात, याचा त्यांना दाखला हवा होता.

हे मला पटतं. फुल्यांनी त्या अर्पणात शूद्रांच्या दास्याला अमेरिकेतल्या दास्याशेजारी ठेवलं, आणि दास्य मोडायला मोडणाऱ्याची किंमत लागते हे नेमकं ओळखलं. पण मुक्त झालेल्या माणसाच्या हातात शेवटी काय पडलं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी मी सरांना युद्धाच्या शेवटाकडे नेलं.

मी : १२ जानेवारी १८६५, जॉर्जियातलं सव्हाना. जनरल शर्मननं शहर घेतलंय. त्यानं आणि युद्धमंत्री स्टँटननं वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझर बोलला. सदुसष्ट वर्षांचा बॅप्टिस्ट पाळक. काही वर्षांपूर्वी हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवलेला. तो म्हणाला, जमीन हवी, ती स्वतःच्या कष्टानं कसू आणि पोट भरू. वीस पाळक, सर, आणि मागितली काय तर जमीन.

सर : चार दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला. किनाऱ्यावरची बेटं आणि भातखाचरं, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. चाळीस हजारांच्या आसपास माणसं तिथे वसली.

मी : आणि तीन महिन्यांत लिंकन मारला गेला. अध्यक्ष जॉन्सननं मालकांना माफी दिली, माफीबरोबर जमिनीही परत. ही बातमी सांगायला ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावर कुणाला पाठवलं? जनरल ऑलिव्हर हॉवर्डला. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचा प्रमुख, युद्धात उजवा हात गमावलेला, देवभीरू म्हणून फौजेत प्रसिद्ध. त्याच्या नावानं पुढे काळ्यांसाठी विद्यापीठ निघालं. भला माणूस होता. तिथल्या चर्चमध्ये उभं राहून त्यानं लोकांना सांगितलं, जमीन जाणार, मनातला कडवटपणा काढा, जुन्या मालकांना क्षमा करा.

सर : मला त्यांचं पत्र माहीत आहे. हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन या तिघांनी बेटावरच्या लोकांच्या वतीनं हॉवर्डला लिहिलं. तुमचा फक्त हात गेला, तुम्ही क्षमा करू शकत असाल. ज्यानं मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकानं फोडलं, त्याला मी कशी करू?

मी : पत्र तिथे थांबत नाही. पुढे लिहिलंय, की जो मला आपल्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, का तर मी त्याचंच शेत त्यानं ठरवलेल्या मजुरीत कसावं, आणि जो बाकीच्या मालकांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, त्याला कशी करू. घर, मजुरी, मालकांची एकी, सगळं त्यात आलं. माझ्या विषयातलं इतकं नेमकं लिखाण मी वर्गात फार कमी वेळा वाचून दाखवू शकले आहे.

सर : आणि ते लिहिणारे विश्वासणारे होते. क्षमेचा उपदेश त्यांना ठाऊक नव्हता असं समजू नकोस. ठाऊक असून ते म्हणाले, हा उपदेश तुम्ही आम्हाला या वेळी करू नका. राष्ट्राध्यक्षाला वेगळा अर्ज केला, त्यात जमिनीचे पैसे भरायचीही तयारी दाखवली.

मी : त्या अर्जाचं काही झालं नाही. पुढच्या काळात सैनिकांकरवी लोकांना उठवलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली पश्चिमेत मात्र एकशे साठ एकरांचे तुकडे वाटणं चालूच होतं. हॉवर्डनं काय करायला हवं होतं, सर?

सर : त्या चर्चमध्ये पाय ठेवण्याआधी राजीनामा द्यायला हवा होता.

मी : तो म्हणाला असता, मी गेलो तर माझ्या जागी वाईट माणूस येईल.

सर : म्हणाला असता. मेथडिस्ट १७८५ साली थोड्याफार फरकानं हेच म्हणाले, आमचं बोर्ड १८४५ साली हेच म्हणालं. वर्सेस्टर म्हणाला नाही, सोल म्हणाला नाही.

मी : हॉवर्ड नोकरीत राहिला. १८७७ साली ओरेगनच्या बाजूला होता. नेझ पर्स लोकांच्या चीफ जोसेफला वॅलोवाचं खोरं सोडून राखीव मुलखात जायला त्यानं तीस दिवसांची मुदत दिली.